इंग्लंडमधली शाळा, लेकीचे हातमोजे आणि नोंदीत न आलेला शब्द

कातरवेळ
रविवार, रात्री ११:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, लिहिलं क्वचितच. आज लिहितेय कारण चार रात्री झोप नाही आणि घरात तोच विषय बोलून आम्ही दोघंही थकलोय.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गावाचं, शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. लेक पावणेनऊ वर्षांची आहे, इयर फोरमध्ये. जन्म इथलाच.

मे महिन्यात तिचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी लोकरीचे हातमोजे सापडले. वाटलं, हिवाळ्यापासून राहिले असतील. उचलून कपाटात ठेवले. दोन दिवसांनी परत दप्तरात. परत काढले, परत आले. तिसऱ्यांदा हातात घेतले तेव्हा आतून ओलसर लागले, घामाने. म्हणजे बाहेर ऊन असताना पोरगी ते घालत होती.

विचारलं तर म्हणाली, "रांगेत हात धरायचा असतो ना, म्हणून." तीन दिवस एवढंच. चौथ्या दिवशी रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात बोलली.

मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळतात. तिचा हात कुणाला लागला की सगळे "ब्राउन लागला, ब्राउन लागला" असं ओरडतात आणि ज्याला लागला त्याने पळत जाऊन भिंतीला हात पुसायचा. पुसेपर्यंत तोही "ब्राउन". वर्गात जाताना दोघादोघांची रांग असते, तेव्हा जोडीदार मुलगी स्वेटरची बाही पुढे ओढून बाहीतूनच हिचा हात धरायची. मग त्यांच्यातल्याच एकीने तोडगा काढला की हातमोजे घातले तर चालेल. "आई, हातमोजे घातले की ते मला खेळायला घेतात."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. प्रश्न सुटलाय, अशा आवाजात सांगितलं.

वर्गशिक्षिकेला दुसऱ्याच दिवशी फाटकापाशी गाठलं. "मी बोलते मुलांशी" म्हणाल्या. आठवड्याने विचारलं तर, तो एक वेडगळ खेळ होता, आता बंद झालाय. बंद झाला नव्हता. मग मुख्याध्यापिकांना ईमेल केली. उत्तर सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं की काही "न दुखावणारे शब्द वापरायला हवे होते" आणि "दोन्ही बाजूंच्या मुलींशी" बोलून विषय मिटवला आहे. दोन्ही बाजू! यात माझ्या मुलीची बाजू कुठली, ते मला अजून कळलेलं नाही.

मी उत्तरात पहिल्यांदा "रेसिस्ट" हा शब्द लिहिला. तासाभरात फोन आला. आवाज बदलला होता. आठ-नऊ वर्षांच्या लेकरांबद्दल एवढा मोठा शब्द वापरण्याआधी विचार करावा, असं त्या म्हणाल्या. आणि मी काय केलं, तर मी सॉरी म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून ते सॉरी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

नवरा म्हणतो, शाळा बदलू. आई फोनवर म्हणते, परक्या मुलखात भांडण नको. मला इथल्या अनुभवी लोकांना विचारायचंय. मी जास्त ताणतेय का? आणि ताणायचं असेल तर कसं?

---

दवबिंदू
सोमवार, सकाळी ७:१५

वाचून पोटात ढवळलं. तुम्ही अजिबात जास्त ताणत नाही आहात. हातमोज्यांचं वाचल्यावर मी उठून माझ्या मुलाचं दप्तर बघून आले. माझ्याकडे सल्ला नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

सह्यवेडा
सोमवार, सकाळी ९:४०

धागाकर्तीला मनापासून सहानुभूती. तरी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मुलं चिडवतातच. कुणाला चष्म्यावरून, कुणाला जाडीवरून, कुणाला बोबडं बोलण्यावरून. आठ वर्षांच्या मुलांना वंश, इतिहास काही कळत नाही. तुम्ही तो शब्द वापरलात की शाळा लगेच बचावाच्या पवित्र्यात जाते, समोरचे पालक वकिली भाषा बोलायला लागतात आणि तुमची मुलगी "जिच्या आईने तक्रार केली ती" म्हणून एकटी पडते. मी स्वतः मुलाच्या शाळेत हे भोगलंय. तक्रार केली आणि पुढे वर्षभर एकाही वाढदिवसाला त्याला बोलावणं आलं नाही. आज तो पंधरा वर्षांचा आहे आणि मला म्हणतो, बाबा, तेव्हा गप्प बसला असतात तर बरं झालं असतं.

शिक्षिकेशी गोड बोलून, जागा बदलून, एखाद-दोन मैत्रिणींना घरी बोलावून काम होत असेल तर तो रस्ता आधी बघा. मुलीला थोडं खंबीर करा. आयुष्यभर आई मधल्या सुट्टीत उभी राहू शकत नाही.

---

पाटीपेन्सिल
सोमवार, रात्री ९:२०

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत अकरा वर्षं शिकवते, त्यातली चार वर्षं मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे. म्हणजे मी टेबलाच्या त्या बाजूला बसते. लांब लिहिणार आहे.

कातरवेळ, सगळ्यात आधी त्या सॉरीचं. ते मनातून काढून टाका. फोनवर अचानक गाठल्यावर कुणीही म्हणतं. त्याने तुमची तक्रार मागे घेतली जात नाही. मात्र आजपासून फोनवर काही ठरवायचं नाही. फोन आलाच, तर ठेवल्यावर लगेच ईमेल करा: "आत्ता आपलं बोलणं झालं, त्यात तुम्ही असं म्हणालात, मी असं म्हणाले." त्या फोनचीही अशी ईमेल आजच टाका. उशीर झालेला नाही.

आता त्या शब्दाचं. तुमच्या मुख्याध्यापिकांचा घोटाळा होतोय, आणि तो मी पुष्कळ चांगल्या मुख्याध्यापकांचा होताना पाहिलाय. घटनेला वर्णद्वेषी म्हणणं वेगळं आणि मुलाला वर्णद्वेषी ठरवणं वेगळं. स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा २२ एप्रिल १९९३ ला लंडनमध्ये एल्टमच्या बसथांब्यावर खून झाला. त्याचे आईवडील डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स मागे हटले नाहीत म्हणून चौकशी नेमली गेली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवाल आला. त्यातली व्याख्या अशी: जिच्यावर अन्याय झाला तिला किंवा इतर कुणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, ती वर्णद्वेषी घटना. हा निकाल नाही. घटना कुठल्या नावाने नोंदवून तिचा तपास सुरू करायचा, ते ठरवण्याची ही पद्धत आहे. समोरच्या मुलाच्या मनात काय होतं हे नंतर बघायचं. तुम्ही "मला आणि माझ्या मुलीला ही घटना वर्णद्वेषी वाटते" एवढं लेखी म्हटलंत, की त्या व्याख्येपुरतं पुरेसं झालं.

हे एवढं ताणून का सांगतेय, तर नोंदीसाठी. बहुतेक शाळा अशा गोष्टी सीपॉम्ससारख्या संगणक प्रणालीत भरतात. भरताना प्रकार निवडावा लागतो. "मैत्रीतला वाद" निवडलं की घटना त्या खणात जाते आणि वर्षअखेर गव्हर्नरांपुढे, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळापुढे, आकडे येतात तेव्हा वर्णद्वेषाच्या रकान्यात शून्य दिसतं. शून्य दिसलं की कुणी काही करत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तेच झालं तर ती पहिलीच घटना ठरते.

कायद्याचं थोडक्यात. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ, हे सगळं येतं. मुलांनी मुलांशी कसं वागावं ते या कायद्यात येत नाही. शाळा त्यावर काय करते ते येतं. वर्णद्वेषी छळ इतर छळापेक्षा कमी गंभीरपणे घेतला तर शाळेकडूनच बेकायदा भेदभाव झाला असं ठरू शकतं. त्याच कायद्याच्या १४९व्या कलमाने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांवर भेदभाव दूर करण्याची आणि वेगवेगळ्या समाजांत चांगले संबंध राखण्याची जबाबदारीही टाकली आहे. शाळा स्थानिक परिषदेच्या अखत्यारीतली असेल, तर २००६ च्या शिक्षण कायद्याचं ८९वं कलम मुख्याध्यापकांना सर्व प्रकारचा छळ रोखण्याचे उपाय ठरवायला बांधतं. शाळेचं वर्तनधोरण संकेतस्थळावर असतं. ते वाचा आणि त्यातलीच वाक्यं त्यांना परत लिहा. स्वतःचं धोरण समोर आलं की आम्ही लोक सरळ बसतो.

ईमेलमध्ये तारखा घाला, जागा घाला, आणि लेकीचे शब्द जसेच्या तसे, इंग्रजीत, अवतरणात. विशेषणं नकोत. हातमोज्यांचं जसं इथे लिहिलंत तसंच तिथे लिहा. मग विचारा: नोंद कोणत्या दिवशी केली, कोणत्या प्रकारात केली, मधल्या सुट्टीत त्या भिंतीपाशी कोण उभं राहणार, आणि पुन्हा घडलं तर माझ्या मुलीने कुणाकडे जायचं. उत्तरासाठी तारीख द्या.

दुसऱ्या मुलांना काय शिक्षा केली ते विचारू नका. ते सांगता येत नाही आणि त्या नकारावरच बैठक संपते. फाटकापाशी त्या मुलांच्या पालकांशी बोलू नका, कितीही ओळख असली तरी. आणि "सगळ्यांना एकत्र बसवून समेट घडवू" असं शाळा म्हणेल, तर आधी लेकीला विचारा. जिने तिला हातमोजे घालायला लावले, तिच्याकडून सगळ्यांसमोर सॉरी ऐकून "इट्स ओके" म्हणायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. खोलीतल्या मोठ्यांना त्याने बरं वाटतं. मुलांचा त्याने श्वास कोंडलेला मी पाहिलाय.

सह्यवेडा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण चष्मा काढून ठेवता येतो हो.

---

निळाई
सोमवार, रात्री १०:०५

पाटीपेन्सिल यांना +१. एक भर. आम्ही उत्तर आयर्लंडमध्ये आहोत. इथे २०१६ चा शाळांमधल्या छळाबद्दलचा कायदा सप्टेंबर २०२१ पासून लागू झालाय. त्यात छळाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे आणि त्यामागचं कारण, म्हणजे वंश, धर्म, अपंगत्व वगैरे, तेही नोंदवावं लागतं. इंग्लंडमध्ये तशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे पालकांनीच प्रकार विचारत राहावं लागतं. माझ्या भाचीच्या बाबतीत नोंदीत कारण लिहिलं गेलं, म्हणून दुसऱ्यांदा घडल्यावर शाळेला "पहिल्यांदाच ऐकतोय" म्हणता आलं नाही.

---

माळवद
मंगळवार, पहाटे ५:३०

कातरवेळ, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहितो.

मी सहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर इथे आलो. १९८० च्या सुमारास मिडलंड्समधल्या शाळेत आम्ही दोनच सावळी पोरं. रोज सकाळी फाटकापासून वर्गापर्यंत एकच शब्द मागे यायचा, "पाकी". मी वळून सांगायचो, मी पाकिस्तानी नाही, मी भारतातला आहे. कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की मी काय बोलत होतो. जणू पाकिस्तानी असतो तर त्यांचं बरोबर होतं.

घरी सांगितलं एकदाच. वडील पाळीवरून दमून आले होते. म्हणाले, दुर्लक्ष कर, अभ्यासात पुढे जा, आपोआप गप्प बसतील. वाईट माणूस नव्हता. त्याला कारखान्यात तोच शब्द ऐकून घ्यावा लागत होता, हे मला फार उशिरा कळलं. मी दुर्लक्ष केलं, अभ्यासात पुढे गेलो, कुणी गप्प बसलं नाही. फक्त मी घरी सांगायचं बंद केलं.

सप्टेंबर १९८६ मध्ये मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलमध्ये अहमद इक्बाल उल्लाह या तेरा वर्षांच्या मुलाचा शाळेच्याच आवारात, शाळेतल्याच गोऱ्या मुलाने भोसकून खून केला. बातमी रेडिओवर लागली तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. वडिलांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. त्यांना ते एकदाच सांगितलेलं आठवत होतं, एवढं मला त्या बघण्यातून कळलं. पुढे बॅरिस्टर इयन मॅकडोनाल्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आज मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अहमदच्या नावाने वंशसंबंधांवरचं संदर्भ केंद्र आहे. एकदा जाऊन आलो. तिथे बसून मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

तुझी लेक अंधारात का होईना, बोलली. मी बोललो नव्हतो. तिला परत परत विचारून उलटतपासणी करू नकोस. पण तू काय करते आहेस ते तिला सांगत जा: आज मी शाळेला पत्र लिहिलं, आज उत्तर आलं. माझ्या वडिलांनी काही केलं असेल तर मला ते कधीच कळलं नाही.

---

उंबरठा
मंगळवार, दुपारी १:१०

हात भिंतीला पुसायचा. हे वाक्य वाचून पुढचं बराच वेळ वाचता आलं नाही.

हा खेळ मला माहीत आहे. इथल्या बऱ्याच जणांना माहीत असायला हवा, कारण आपल्या भाषेत त्याला नाव आहे: शिवाशिव. माझे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिकले. मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसत, लांबून वाचून बरोबर की चूक ते सांगत. बाबासाहेबांनी स्वतः साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय. बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि नळाला हात लावायची परवानगी नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही.

सह्यवेडा, आठ वर्षांच्या मुलांना काही कळत नसतं, असं तुम्ही म्हणता. माझ्या वडिलांच्या वर्गातल्या मुलांनाही इतिहास माहीत नव्हता. कुणाला शिवायचं नाही, एवढंच माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं. खेळाचे नियम मुलांना समजतात. नियम कुठून आले ते समजायची गरज पडत नाही.

आणि शब्दाबद्दल. आपल्या संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती तिचं नाव घेऊन. तिथे "काही नागरिकांना न दुखावणारी वागणूक द्यावी" असं लिहिलं असतं तर? कातरवेळ, तुम्ही लिहिलेला शब्द मागे घेऊ नका.

---

सह्यवेडा
मंगळवार, रात्री ८:३०

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चष्म्याशी केलेली तुलना मी मागे घेतो. हात पुसण्याकडे माझं नीट लक्षच गेलं नव्हतं. मी ते चिडवणं म्हणून वाचलं होतं.

एकटं पडण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी मागे घेत नाही. शाळेने नोंद केली तरी सुट्टीत तिच्याबरोबर कोण खेळणार, ते नोंदीने ठरत नाही. माझ्या मुलाच्या वेळी मी सगळं बळ शाळेशी लढण्यात घातलं. घरी आल्यावर तो बोलायला यायचा तेव्हा मी ईमेल लिहीत असायचो. ते टाळा, एवढंच सांगायचं होतं. काल नीट सांगता आलं नाही.

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ९:००

सह्यवेडा, हे फार मोलाचं आहे. माझं चष्म्याचं वाक्यही जरा तिखट होतं, माफ करा.

एकटेपणासाठी शाळेकडून एक गोष्ट मागून घेता येते. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसाने चालवलेला खेळ. दोरी, चेंडू, काहीही, ज्यात गट शिक्षक पाडतात. दोनतीन आठवडे तसं झालं की पकडापकडीची ती टोळी सैल होते. "नवीन मैत्रिणी शोध" असं मुलीला सांगण्यापेक्षा हे बरं.

---

कातरवेळ
शुक्रवार, रात्री ११:२०

अपडेट देते. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून सरळ काय झालं ते सांगते.

मंगळवारी रात्री ईमेल लिहिली. फोनवरचं बोलणंही त्यात लिहिलं, माझ्या सॉरीसकट. आज सकाळी भेटायला बोलावलं. मुख्याध्यापिका, उपमुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका. हातमोजे घेऊन जावेत असं वाटत होतं. टेबलावर ठेवले तर काही बोलावंच लागणार नाही. काल रात्री लेकीला विचारलं. ती "नको" म्हणाली. नाही नेले.

बैठकीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, या वयात मुलांना रंग दिसतच नाही. मी विचारलं, मग खेळाचं नाव "ब्राउन" कसं पडलं? कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने वर्गशिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या की त्यांनी एप्रिलमध्येच "ब्राउन लागला" ऐकलं होतं. चित्रकलेच्या तासाचं काहीतरी असेल असं वाटून सोडून दिलं. त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांचा राग आला नाही, पण मी त्यांची समजूतही काढली नाही. आधी असते तर काढली असती.

मॅकफर्सनची व्याख्या मी कागदावर लिहून नेली होती. वाचून दाखवली. घटनेला नाव देतेय, कुणाच्या लेकराला नाही, हेही सांगितलं. त्यानंतर खोलीतली हवा बदलली, हे खरं. नोंद बदलायला त्या तयार झाल्या. सोमवारपासून सुट्टीत भिंतीच्या बाजूला एक शिक्षक उभा राहील आणि दोरीचे खेळ सुरू होतील. एकत्र बसवून सॉरी म्हणायला लावायचा प्रस्ताव आलाच. लेकीला नको आहे असं सांगितलं, ते मान्य झालं.

पाटीपेन्सिल, दोन शंका आहेत. नोंदीत "पालकांच्या मते वर्णद्वेषी घटना" असं लिहिणार म्हणतात. हे चालेल का? आणि "दोन्ही बाजू"वाली जुनी ईमेल मागे घ्यायला त्या तयार नाहीत.

अजून एक सांगायचंय. गेल्या महिन्यात सासूबाई व्हिडिओ कॉलवर लेकीला म्हणाल्या होत्या, "अगंबाई, उन्हात खेळून किती काळवंडलीस." मायेनेच म्हणाल्या. मी हसले होते. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचल्यावर आठवलं की त्या दिवशी लेक कॉलवरून उठून गेली होती आणि लांब बाह्यांचा टीशर्ट घालून परत आली होती. मी ते बघितलं होतं आणि माझ्या डोक्यात काहीच वाजलं नव्हतं. काल सासूबाईंना सगळं सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिला दे फोन." दोघी काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही.

---

पाटीपेन्सिल
शनिवार, सकाळी ८:१०

फार नेटाने केलंत.

"पालकांच्या मते" चालेल, व्याख्याच तशी आहे. पण त्यात "आणि मुलीच्या मते" हे घालायला सांगा आणि खाली तिचे शब्द अवतरणात हवेत. पाच वर्षांनी ती नोंद कुणी उघडली तर "आईला असं वाटलं" एवढंच दिसू नये.

जुनी ईमेल त्या मागे घेणार नाहीत. त्याऐवजी कालच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, त्यात "यात दुसरी बाजू नव्हती" हे तुमचं म्हणणं यायला हवं. नोंद खरंच बदलली का ते बघायचं असेल तर माहिती संरक्षण कायद्याखाली मुलीची सगळी माहिती मागता येते, एक महिन्यात द्यावी लागते. परिषदेच्या शाळेत मुलीचा शैक्षणिक अभिलेखही पालकांना शाळेच्या पंधरा दिवसांत बघता येतो. जुलैअखेर शाळा बंद होतील, तेव्हा थांबू नका. आणि सप्टेंबरमध्ये वर्गशिक्षिका बदलेल. इयर फाइव्हच्या शिक्षिकेकडे हे लेखी जाणार आहे का, ते आत्ताच विचारा. हस्तांतराच्या पंधरा मिनिटांत अशा गोष्टी गळतात, मी स्वतः गाळलेल्या आहेत.

हे झालं नाही तर औपचारिक तक्रार, मग गव्हर्नरांची समिती, मग शिक्षण खातं. ऑफस्टेड, म्हणजे शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था, एकेकट्या मुलाचं भांडण सोडवत नाही, तिकडे शक्ती घालवू नका. कोर्टाची वेळ येऊ नये, पण भेदभावाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून तारखा जपून ठेवा.

---

माळवद
शनिवार, सकाळी ९:४५

समजूत काढली नाहीस ते बरं केलंस. आमच्या पिढीने सगळ्यांची समजूत काढली.

---

उंबरठा
बुधवार, रात्री १०:३०

लेक कशी आहे?

---

कातरवेळ
गुरुवार, रात्री १०:१५

बरी आहे. दोरीच्या खेळात तिला लय सापडलीये, घरी गच्च दमून येते. जोडीदार मुलगी अजून बाही ओढते म्हणाली, मग शिक्षिकेने रांगेतल्या जोड्या बदलल्या.

हातमोजे दप्तरातच आहेत. सोमवारी घातले, मंगळवारी घातले, काल नाही. आज मी विचारलं नाही. नोंदीची प्रत उद्या देतो म्हणालेत, मिळाली की तिच्या शब्दांचं काय झालं ते इथे लिहीन.